राजाची अडीच घरे

बुद्धिबळाचे नियम जगभर सारखेच असतात असे ज्यांना वाटते, त्यांनी एखाद्या उन्हाळी दुपारी वीज गेल्यावर सोलापूरच्या साखर पेठेतील आमच्या गल्लीत जरूर यावे. वीज गेली की माग थांबतात. तो खडखडाट अचानक बंद झाल्यावर क्षणभर कानांना काही सुचत नाही. आणि मग कट्ट्यावरून पहिला मनुष्यस्वर ऐकू येतो, तो बहुधा ‘शह!’ असा असतो.

या कट्ट्यावरच्या घोड्याला तीन नावे आहेत. मराठी मंडळी त्याला घोडा म्हणतात, आम्ही तेलुगू लोक गुर्रम म्हणतो आणि अक्कलकोटकडचे अण्णा कुदुरे म्हणतात. चालतो मात्र तो तिन्ही भाषांत अडीच घरेच. पण आमच्याकडे अडीच घरे एकटा घोडाच चालतो असे नाही, राजाही चालतो! जोवर राजाला शह बसलेला नाही, तोवर आयुष्यात एकदा त्याला घोड्यासारखी उडी मारता येते. पुस्तकातला किल्लेकोट आमच्याकडे नाही. त्याच्या बदली ही उडी. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. ते पलीकडच्या टोकाला पोचले की ज्या पट्टीत पोचले त्या पट्टीचे मोहरे होते, आणि तेही ते मोहरे आधी मेलेले असेल तरच. समोरच्याचा राजा एकटाच उरला की ‘बुर्जी’ झाली. मग पुरी जीत नाही, चहाचे पैसे दोघांनी निम्मे निम्मे द्यायचे. प्याद्याने मात केली तर मात्र हरणाऱ्याने चहाबरोबर भजीही द्यावीत, असा दंडक आहे.

यांतले चहा-भजी सोडले तर बाकीचे पुष्कळसे नियम आमच्या गल्लीने शोधलेले नाहीत. हिंदुस्थानात बुद्धिबळ जवळजवळ असेच खेळले जात असे. काही नियम मात्र अस्सल आमचे. डाव रंगात असताना वीज आली की खेळणारे मागाकडे धावतात; तेव्हा पट जसाच्या तसा उचलून कोनाड्यात ठेवायचा आणि ज्याची चाल असेल त्याच्या बाजूला एक रिकामी कांडी ठेवायची. एकदा ती कांडी मांजराने पाडली आणि त्या वादात दोन माणसे तीन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हती. तेव्हापासून कांडीला दोरा बांधून तो खिळ्याला अडकवतात. नियम कसे जन्मतात याचा याहून चांगला पाठ मला कोणत्याही क्रमिक पुस्तकात मिळालेला नाही.

असे घरगुती नियम म्हणजे अडाणीपणा, असे आमच्याच वयाच्या मुलांना वाटते. मला तसे वाटत नाही. बुद्धिबळ ही अखेर पटावरची लढाई आहे, आणि पटावरच्या लढायांचा इतिहासच मुळी अशा नियमांनी भरलेला आहे. वजिराला आज जे अफाट बळ आहे ते त्याला पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन-इटलीकडच्या खेळाडूंनी दिले. त्याआधी तो बिचारा तिरके एकच घर चाले. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ स्वीकारला. त्यात फासे होते, नुकसानीची कोष्टके होती आणि निर्णयाला पंच होता. पुढे कोष्टके इतकी वाढली की खेळ रेंगाळू लागला. तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने सरळ सांगितले की कोष्टके बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल ते खरे. एच. जी. वेल्ससारखा लेखक १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहितो, तेही जमिनीवर शिसाचे शिपाई मांडून, स्नेह्यांबरोबर खेळता खेळता बसवलेल्या नियमांचे! म्हणजे आज जो छापील नियम आहे तो काल कुणाच्या तरी दिवाणखान्यातला होता. आमचा कट्ट्यावरचा आहे, इतकाच फरक.

आता माझ्याविषयी. माझे आजोबा गिरणीतून निवृत्त झालेले. आम्ही घरात त्यांना तातय्या म्हणतो; कट्ट्यावरच्या मराठी मंडळींनी त्याचे ‘तात्या’ करून टाकले, आणि आता तेही त्याच नावाला ओ देतात. मोतीबिंदू वाढत गेला तसे तातय्यांना उंट आणि प्यादे यांतला फरक कळेना. आमच्या कट्ट्यावर ‘हात लावला की चाल’ हा नियम फार कडक. चाचपडून पाहायला जावे तर बोट लागलेले मोहरे हलवावे लागणार! काही दिवस ते नुसतेच बाजूला बसून राहिले. मग अण्णांनीच तोड काढली : तात्यांना मोहऱ्यांना हात लावायची मुभा, आणि घरातल्या कुणीही त्यांना पट वाचून दाखवावा.

घरात त्या वेळी रिकामी मीच होते. आमच्या कट्ट्यावर मुलींनी बसू नये असा नियम कधी कुणी केलेला नव्हता. केलेला नसल्यामुळे तो मोडताही येत नव्हता. उंबऱ्यात बसून कांड्या भरता भरता लांबून डाव पाहायचा, एवढाच माझा अधिकार. तातय्यांच्या डोळ्यांनी मला उंबऱ्याबाहेर काढले.

माझ्यासाठी पोटनियम झाले. कुठे काय आहे ते सांगायचे. काय करावे ते सांगायचे नाही. ऐकायला हे किती सोपे! पण ‘घोडा तिथेच आहे’ आणि ‘घोडा तिथेच आहे की’ यांत फरक आहे, असा आक्षेप मास्तरांनी घेतला आणि तो मान्य झाला. ‘की’ काढून टाकण्यात आला. पुढे माझ्या श्वासावरही आक्षेप आला. मी सुस्कारा टाकला की तातय्या चाल बदलतात, असे मास्तरांचे म्हणणे होते. खरे सांगायचे तर त्यात तथ्य होते. शेवटी मी पटाकडे तोंड करून आणि तातय्यांकडे पाठ करून बसावे असे ठरले. मी तशी दोन वर्षे बसले, आणि बुद्धिबळ शिकले.

मग गल्लीत फूट पडली. आमच्या शेजारचा एक मुलगा, कट्ट्यावर मोठमोठ्यांना पाणी पाजणारा, एका स्पर्धेत उतरला. डाव उत्तम चालला होता. ऐन वेळी सवयीने त्याने राजाला अडीच घरे उडवले आणि घड्याळ दाबले! पंच आले. प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा मिळाली. त्याहून वाईट म्हणजे हात राजाला लागला होता, म्हणून दुसरी चालही राजाचीच करणे भाग पडले. त्या एका घरात डाव गेला. तो परत आला आणि म्हणाला, ‘‘तुमच्या ह्या गावठी नियमांनी माझा घात केला. आजपासून पुस्तकाप्रमाणे खेळायचं.’’

त्याचे दुःख मला खोटे वाटले नाही. नियम वेगळे असले की नव्याने शिकायची पाळी नेहमी लहान घरातल्या माणसावर येते. पंजाबातील सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेले सुलतान खान हिंदुस्थानी पद्धतीचे खेळाडू. त्यांना युरोपीय नियम मोठेपणी आत्मसात करावे लागले. तरी त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ असे तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले आणि हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवले. सगळेच काही सुलतान खान नसतात.

जुनी मंडळी मात्र हटून बसली. वाद दोन दिवस चालला. म्हणजे दोनदा वीज जाईपर्यंत. तरुणांनी मोबाइल पुढे केला. त्यात राजाला उडी मारू पाहा, बोट उचलताच तो निमूट जागेवर परत येतो. वाद नाही, भांडण नाही. अण्णा म्हणाले, ‘‘त्याला काय, त्याला उद्या आपल्यासंगं कट्ट्यावर बसायचं नाही.’’

पुस्तकाप्रमाणे खेळायचे तर तातय्यांचे काय, हा प्रश्न कुणीच काढीना. म्हणून मी आंतरराष्ट्रीय नियमांचे ते पुस्तकच वाचून काढले. त्याला अंध खेळाडूंविषयी स्वतंत्र जोड आहे. त्यांना मोहरे खाचेत बसतील असा वेगळा पट वापरता येतो, मोहरे खाचेतून उचलले तरच हात लागला असे धरतात, आणि साहाय्यकही घेता येतो. मी ते मराठीत मोठ्याने वाचून दाखवले. कट्ट्यावर स्त्रीने केलेले ते बहुधा पहिले भाषण! मास्तर म्हणाले, ‘‘म्हणजे हे आपलंच आहे की!’’ (या ‘की’वर मी आक्षेप घेतला नाही.)

अखेर ठरले ते असे : पहिली चाल होण्याआधी ‘गल्लीचा की पुस्तकाचा?’ एवढे विचारायचे, आणि मग मात होईपर्यंत त्यात बदल नाही. तातय्यांचा नियम दोन्हींत.

न केलेले नियम मात्र अशा बैठकीत पटावर येत नाहीत. १९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर, वय वर्षे १३, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांना स्त्रियांना असे अडवता येणार नाही असा निर्णय द्यावा लागला. राष्ट्रीय स्पर्धेची ही कथा, तर आमच्या कट्ट्याचे काय घेऊन बसलात!

गेल्या दिवाळीनंतर तातय्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना स्वच्छ दिसू लागले. सारी गल्ली आनंदली. मीही आनंदले, पण रात्री मनात आले, आता मला कट्ट्यावर काय काम? नियमाचे कारण संपले की नियम संपतो, हे तर्कशास्त्राला धरूनच होते. पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा मी उंबऱ्यातच थांबले. तातय्या डाव मांडून बसले आणि म्हणाले, ‘‘मला चष्म्याचा नंबर अजून यायचाय.’’ नंबर येऊन आठवडा झाला होता. चष्मा त्यांच्या खिशात होता, आणि तो सर्वांना दिसत होता! अण्णांनी काही न बोलता सरकून जागा केली.

दोन डाव मी पट वाचला. तिसऱ्याला तातय्या चहाला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. समोर मास्तर होते. त्यांनी घसा खाकरून विचारले, ‘‘गल्लीचा की पुस्तकाचा?’’

मी गल्लीचा म्हणाले, आणि हरले. बुर्जी झाली नाही, त्यामुळे चहाचे पैसे मलाच द्यावे लागले.

माझ्याखेरीज दुसरी मुलगी अजून कट्ट्यावर बसलेली नाही. समोरच्या माडीवरची नववीतली एक पोर मात्र खिडकीतून खेळते; ती चाल ओरडते आणि खाली कुणीतरी मोहरे सरकवते. खिडकीतून सांगितलेली चाल ‘हात लावला’ धरायची की नाही, यावर सध्या वाद चालू आहे.