सव्वा तासाची वाट

आमच्या ग्वाल्हेरच्या विमानतळाला राजमाता विजयाराजे शिंदे यांचे नाव आहे (पाटीवर अर्थातच 'सिंधिया'), आणि इंदूरच्या विमानतळाला देवी अहिल्याबाई होळकरांचे. एक शिंद्यांची सून, दुसरी होळकरांची. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून इंदूरला सून म्हणून गेलेली तिसरी, आमची अक्का.

1985 साली महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर मिराज विमाने आली, त्याच वर्षी अक्काची पाठवणी झाली. विमाने डोक्यावरून गर्जत जात. आम्ही मात्र भाऊबीजेला सरकारी बसने निघत असू. शिवपुरी, गुना, ब्यावरा, शाजापूर, देवास अशी रात्रभर हाडे खिळखिळी करून सकाळी तिच्या दारात उभे राहिलो की ती आधी आमच्या केसांतली धूळ झटकी.

भूगोलाच्या तासाला आम्ही मुलांना नकाशावर दोरा ताणून हे अंतर मोजावयास लावतो. सरळ रेषेत ते भरते सुमारे 465 किलोमीटर. रस्ता पाचशेच्या घरात. आकाशमार्गाने अंतर वाचते ते जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर. खरा वाचतो तो वेळ. पंख्यांचे छोटे विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडते. चढणे, उतरणे, धावपट्टीवरचे रांगणे धरून सव्वा तास! हे गणित आम्ही फळ्यावर मोठ्या ऐटीत सोडवीत असू.

2023 च्या जानेवारीत एका रात्री भाच्याचा दूरध्वनी आला. अक्काच्या हृदयावर दुसऱ्या दिवशी सायंकाळी शस्त्रक्रिया ठरली होती. "आई म्हणते, बाळ आला की मग आत जाते."

"आत्ताच बसने निघावं. धुक्याचे दिवस आहेत," आमच्या सौ. म्हणाल्या. आम्ही त्यांना फळ्यावरचे गणित ऐकविले. दुपारचे विमान; चहाच्या वेळेला इंदूर!

दुसऱ्या दिवशी धुके उठलेच नाही. उतरताना वैमानिकाला धावपट्टी ठराविक अंतरावरून दिसावी लागते. येथे आम्हाला काचेपलीकडचा खांब दिसत नव्हता. 'थोडा विलंब', 'आणखी थोडा विलंब', असे ऐकत तीन वाजले, आणि विमान रद्द झाले. (2024 च्या मार्चमध्ये तेथे नवी, प्रशस्त इमारत झाली. प्रतीक्षेची सोय उत्तम आहे.)

सायंकाळी बस मिळाली. शिवपुरीपर्यंत ती धुक्यातून चाचपडत चालली. अक्काला आत नेण्याची वेळ उलटली तेव्हा आम्ही त्याच जुन्या रस्त्यावर होतो, आणि तो रस्ता आता कितीही रुंद झाला असला तरी आम्हाला त्याचा एकेक दगड मोजल्यासारखा वाटत होता.

सकाळी पोहोचलो. शस्त्रक्रिया पार पडली होती. अक्का शुद्धीवर नव्हती. भाच्याने आम्हाला बाजूला घेतले. "मामा, आई सारखी विचारत होती. शेवटी मी सांगितलं, मामा विमानात बसले, निघालेच. मग गेली आत." एवढे बोलून तो खाली पाहू लागला.

तिसऱ्या दिवशी अक्का बोलू लागली. सवयीने तिचा हात आमच्या केसांकडे आला, पण सुयांमुळे अर्ध्यावरच थांबला.

"विमानाने किती वेळ लागला रे?"

भाचा खिडकीपाशी गेला.

"सव्वा तास," आम्ही म्हणालो.