मिझो डोंगरांतील बांबू

आसामातील सिलचर सोडून दक्षिणेकडे निघाले की थोड्याच वेळात मैदान मागे पडते आणि डोंगरांच्या रांगा सुरू होतात. उत्तर-दक्षिण पसरलेल्या ह्या रांगा एकीमागे एक अशा उभ्या आहेत की, पुढे जावयाचे म्हणजे एक चढावी, खोल दरीत उतरावे आणि पुन्हा दुसरी चढू लागावे. हाच मिझोरम. सप्टेंबर २०२५ मध्ये बैराबी ते सैरांग हा लोहमार्ग खुला झाला आणि अठ्ठेचाळीस बोगद्यांतून वाट काढीत आगगाडी राजधानी ऐजॉलच्या जवळ येऊन पोहोचली. बाहेरून येणाऱ्या प्रवाशास प्रवेशाचा परवाना मात्र आजही घ्यावा लागतो. सडकेने जा अथवा रेल्वेने, दोन्ही बाजूंस दृष्टीस पडतो तो बांबू.

आपल्याकडे कळक किंवा वेळू म्हटला म्हणजे त्याचे बेट डोळ्यांसमोर येते. दाट, काटेरी, आत हात घालण्याची सोय नाही असे. मिझो डोंगरांतील मुख्य बांबू त्या जातीचा नव्हे. त्याला तेथे ‘मौतक’ म्हणतात. त्याचे भूमिगत खोड जमिनीखाली लांबवर सरकत जाते आणि थोड्याथोड्या अंतरावर एकेक काठी वर काढते. त्यामुळे बेट होत नाही; डोंगरच्या डोंगर सुट्या, सरळ काठ्यांनी भरून जातो. ही काठी बिनकाट्याची, पातळ सालीची, चिरावयास सोपी.

बांबू हे झाड नसून गवत आहे, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. पण त्याचा अर्थ येथे येऊन नीट उमगतो. पावसाळ्यात वर येणारा कोंब आपली जाडी जन्मतःच घेऊन येतो. पुढे तो उंच होतो, परंतु जाड होत नाही. काही आठवड्यांत पूर्ण उंची गाठल्यावर राहते ते फक्त पक्व होणे, आणि त्यास सुमारे तीन वर्षे लागतात. म्हणून जाणता तोडणारा कोवळ्या काठीस हात लावीत नाही. तोड हिवाळ्यात करावयाची, कारण तेव्हा काठीत पिष्ट कमी असते आणि भुंगा लवकर लागत नाही. शिवाय पावसाळ्यात नव्या कोंबांना इजा होते. घाव जमिनीलगतच्या पेराच्या किंचित वर घालावा, म्हणजे खुंटात पाणी साचून तो कुजत नाही. बुरूडकाम करणाऱ्यांस हे सारे आपल्या कोकणातही माहीत आहे.

जुने मिझो घर खांबांवर उभे असे आणि त्यात लोखंडाचा खिळाही शोधून सापडत नसे. भिंती विणलेल्या कांबट्यांच्या, जमीन चिरलेल्या बांबूची. पाणी आणावयाचे ते पेरे पोखरून केलेल्या लांब नळ्यांतून. त्या नळ्या पाठीवरील करंडीत उभ्या ठेवावयाच्या आणि करंडीचा पट्टा कपाळावर घ्यावयाचा. चढणीच्या मुलखात डोक्यावर घागर घेऊन चालणे अशक्यच. आज ऐजॉलमध्ये सिमेंटची घरे एकावर एक उभी आहेत, तरी पाठीवरची करंडी गेलेली नाही. स्वयंपाकातही बांबू आहेच. कोवळे कोंब सोलून उकळतात आणि ते पाणी टाकून देतात. कच्च्या कोंबात विषारी अंश असतो, तो ह्या उकळण्याने जातो. गृहिणींनी नवा प्रयोग करताना ही गोष्ट विसरू नये.

फिरत्या शेतीसाठी डोंगरउतारावरचा बांबू तोडून वाळत टाकतात, त्या मोकळ्या दिवसांत ‘चापचार कुट’ हा वसंताचा उत्सव येतो. त्यातील ‘चेराव’ नृत्य पाहण्यासारखे असते. पुरुष जमिनीवर बसून आडवे-उभे बांबू तालावर आपटतात आणि स्त्रिया त्यांच्या उघडमिटीतून पावले टाकीत नाचतात. ताल चुकला की घोटा सापडलाच! १२ मार्च २०१० रोजी ऐजॉलमध्ये १०,७३६ जणांनी एकाच वेळी हे नृत्य करून जागतिक विक्रम नोंदविला.

परंतु ह्याच बांबूने ह्या लोकांना उपाशीही ठेवले आहे.

मौतक सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदाच फुलतो, आणि फुलतो तो सर्व डोंगरांवर जवळजवळ एकदम. मागून पेरूएवढी मांसल फळे धरतात. गवताच्या कुळात एवढे मोठे फळ दुसरे नाही. मग बांबू मरतो. रानातील उंदरांना ह्या फळांची मेजवानी मिळते आणि त्यांची वीण बेसुमार वाढते. फळे संपली अथवा रुजली, की भुकेलेल्या उंदरांच्या झुंडी भाताच्या शेतांत उतरतात. संध्याकाळी उभे असलेले पीक सकाळी दिसत नाही. मिझो भाषेत ‘मौ’ म्हणजे बांबू. ह्या काळाला ते ‘मौताम’ म्हणतात. १९११, १९५९ आणि २००७ ही त्याची वर्षे. दुसऱ्या एका जातीच्या बांबूच्या बहराशी जोडलेला ‘थिंगताम’ १८८१, १९२९ आणि १९७७ मध्ये आला. मौतामानंतर अठरा वर्षांनी थिंगताम आणि थिंगतामानंतर तीस वर्षांनी मौताम, असा हा हिशेब वडीलधारी माणसे बोटांवर मोजीत आली.

१९५९ चा मौताम अनपेक्षित नव्हता. मिझो जिल्हा परिषदेने १९५८ मध्येच आसाम सरकारकडे पंधरा लक्ष रुपयांची मागणी केली होती. ती मान्य झाली नाही. उंदीर पडल्याने दुष्काळ पडतो, ही डोंगरातल्या माणसांची भोळी समजूत मानली गेली. दुष्काळ पडला. लोकांना धान्य पोहोचविण्यासाठी लालडेंगा ह्यांच्या पुढाकाराने जी दुष्काळ-निवारण संघटना उभी राहिली, तिचेच १९६१ मध्ये ‘मिझो नॅशनल फ्रंट’ झाले. १ मार्च १९६६ रोजी सशस्त्र उठाव झाला आणि वीस वर्षे ह्या डोंगरांना स्वस्थता लाभली नाही. ३० जून १९८६ च्या करारानंतर शांतता आली. २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोरम राज्य झाले आणि लालडेंगा त्याचे मुख्यमंत्री झाले. उठावाची कारणे अनेक होती, हे खरे. पण गावकऱ्यांची मोजणी वेळीच ऐकली असती तर इतिहास काही निराळा झाला असता, असे मला वाटते.

२००७ साली ती मोजणी ऐकण्यात आली. बहर येण्यापूर्वी खास योजना आखली गेली. उंदरांना न रुचणारी हळद आणि आले लावण्यास शेतकऱ्यांना उत्तेजन दिले गेले, आणि मारलेल्या उंदरांच्या शेपट्या सरकारने पैसे देऊन विकत घेतल्या. पिकांची हानी पुष्कळच झाली. तथापि १९५९ सारखी वेळ आली नाही. २०२५ हे थिंगतामाचे वर्ष होते, आणि अनेक गावांतून उंदरांनी भात खाल्ल्याच्या बातम्या आल्याच.

मरण्यापूर्वी ह्या बांबूचा पैसा करावा, असा विचार त्या काळी बोलला जाई. पूर्वी त्लॉंग नदीतून बांबूचे तराफे खाली आसामकडे सोडीत. पुढे आसामातील पांचग्रामच्या कागद गिरणीस बांबू जाई; २०१५ मध्ये ती बंद पडली. १९२७ च्या वन कायद्याने बांबूस झाडांत गणले होते, त्यामुळे स्वतःच्या जमिनीतला बांबू तोडून नेतानाही परवान्याचे खेटे पडत. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येतून वगळला. ज्या कुटुंबांकडे चार गुंठे पडीक उतार आहे, त्यांना हा बदल मोठा आहे.

मौतकाचे बी फार दिवस टिकत नाही, साठवून ठेवता येत नाही. म्हणून २००७ नंतर डोंगर पुन्हा हिरवे झाले ते बहुतांशी गळून पडलेल्या फळांतून आपोआप उगवलेल्या रोपांनी. आज तेथे जो बांबू उभा आहे तो त्याच पिढीचा. पावसाळ्यात त्याचे कोंब बाजारात येतात, हिवाळ्यात त्याच्या काठ्या उतरतात. पुढचा मौताम २०५५ च्या सुमारास यावयाचा आहे.