मलाही येतं रे!

'डिप्रेशन' हा शब्द मी वर्षानुवर्षं चिल्लरीसारखा खर्च केला. भारत हरला, डिप्रेशन. सोमवार उजाडला, डिप्रेशन. लोकल चुकली तरी तेच. त्यामुळे मावसभाऊ फोनवर म्हणाला, "डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलंय," तेव्हा मी काय बोलणार हे ठरलेलंच होतं. "अरे, मलाही येतं. चार दिवस कोकणात जाऊन ये, मन रमेल."

तो "बरं" म्हणाला आणि पुन्हा तो विषय त्याने माझ्याकडे काढला नाही. बाकीचं वहिनीकडून कळलं. पहाटे तीनलाच जाग यायची. सकाळ सगळ्यात वाईट जायची, दिवस कलला की जरा बरं. दाढीचा फेस लावून बेसिनपाशी नुसता उभा राहायचा. फेस गालावरच वाळायचा. लेकीला हवी ती ॲडमिशन मिळाली, त्याने पेढा घेतला, खाल्ला, आणि पेपर उचलला.

जुने वैद्य याला मेलँकोलिया म्हणत. ग्रीकात त्याचा अर्थ काळं पित्त. (वात-पित्त-कफात वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये.) मनोविकारतज्ज्ञ डिप्रेशनच्या एका प्रकाराला आजही हेच नाव लावतात. पहाटेची जाग, सकाळी जास्त त्रास आणि चांगलं काही घडलं तरी मन न उमलणं, ही त्याची लक्षणं. ज्याला लेकीच्या यशाने काही झालं नाही, त्याला मी समुद्र दाखवायला निघालो होतो.

हा जुना शब्द मागे सारून 'डिप्रेशन' रूढ व्हावा असा आग्रह विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ॲडॉल्फ मायर या मनोविकारतज्ज्ञाने धरला. कादंबरीकार विल्यम स्टायरनने १९९० साली स्वतःच्या आजारावर 'डार्कनेस व्हिजिबल' लिहिलं, त्यात त्याचा राग या शब्दावरच आहे: एवढ्या भयानक दुखण्याला इतकं मिळमिळीत नाव! आपल्याकडे तर बंगालच्या उपसागरातही पावसाळ्यात डिप्रेशन तयार होतं. पण मायरवर खापर फोडून मी सुटत नाही. भावाला "झोप लागते का रे?" एवढं विचारायला कुठला शब्दकोश लागणार होता?

त्याला औषधं लागू पडली. त्याची माफी मागायला मी फारच उशीर केला. मग मात्र दुसरं टोक गाठलं. परवा मुलगी कॉलेजातून आली, दप्तर फेकलं, म्हणाली, "डिप्रेशन आलंय." मी लगेच समोर बसून झोप, भूक, रडू, सगळं विचारायला लागलो.

"बाबा," ती म्हणाली, "प्रॅक्टिकल रद्द झालं. मला नुसता वैताग आलाय."