गोठ्यासाठी जागा

डिसेंबरच्या मध्याला आमच्या घरी नाचणी पेरली जाते. पसरट ताटलीत मातीचा थर, त्यावर दाणे आणि वर ओले फडके. आठ-दहा दिवसांत कोंब बोटभर वाढतात आणि नाताळच्या गोठ्यापुढे बेथलेहेमचे शेत म्हणून ती ताटली मांडली जाते. ही माझ्या पत्नीच्या माहेरची, वसईची रीत. माझ्या बालपणी यातले काहीच नव्हते.

मी अहमदनगरचा, २०२४पासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या गावचा. आमच्याकडे नाताळ कानांवाटे येई. थंडीत कंदील घेऊन भजनी मंडळ घरोघर फिरे. एकाच्या गळ्यात पेटी, पप्पांच्या हाती टाळ आणि गीते बहुतेक नारायण वामन टिळकांची. फराळ थेट दिवाळीचाच: करंज्या, चकल्या, अनारसे. घरात मूर्ती नाही, गोठा नाही.

याचे कारण पुढे वाचनातून उमगले. नगरला १८३१पासून काम करणारे अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडच्या प्युरिटन वारशातून आलेले. त्या मुलखातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होई. ज्यांच्या पूर्वजांनी हा सणच पुसून टाकला होता, ते आम्हांला सणाचा घडीव साचा कोठून देणार? मला वाटते, ती मोकळी जागा आमच्या पणज्यांनी चुलीवरच्या फराळाने भरली आणि टिळकांनी कीर्तन-भजनाने.

वसईचे तसे नाही. तेथे १५३४ ते १७३९ अशी दोन शतके पोर्तुगीजांची सत्ता होती आणि त्यांच्याबरोबर कॅथलिक उपासनेतली मूर्ती, मेणबत्ती, मध्यरात्रीची मिस्सा हे सारे आले. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजच. गंमत अशी की तो शब्द नगरच्या प्रॉटेस्टंटांनी बिनतक्रार उचलला. मूर्ती मात्र उंबऱ्याबाहेर ठेवली.

आमचे लग्न झाले तेव्हा दोन्ही घरांना वाटले, ख्रिस्तीच आहेत, मराठीच आहेत, अडचण ती कसली? अडचण गोठ्याच्या रूपाने आली. मुलगी दोन वर्षांची असताना आई-पप्पा प्रथमच नाताळला आमच्याकडे यायचे होते. पत्नीने दिवाणखान्यात गोठा मांडला होता. ते यायच्या आदल्या संध्याकाळी मी तो उचलून आतल्या खोलीत, घडीच्या पलंगामागे ठेवला. पप्पांना मूर्ती खपणार नाही, एवढेच म्हणालो. पत्नी काही बोलली नाही. तिने नाचणीची ताटली उचलली आणि गोठ्यापाशी अंधारात नेऊन ठेवली. वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना एका घरातल्या दोन श्रद्धांविषयी मी तासन्‌तास बोलतो. त्या संध्याकाळी त्यातला एक शब्दही माझ्या कामी आला नाही.

पप्पा रात्री शाल शोधायला त्या खोलीत गेले असावेत. सकाळी चहा घेताना म्हणाले, “तो गोठा आत का रे ठेवलास? त्याला उतारशाळेत जागा नव्हती. तुझ्या घरात तर तीन खोल्या आहेत.”

मी गोठा बाहेर आणला. पण पुढचेही सांगायला हवे. सायंप्रार्थनेच्या वेळी पप्पांनी आपली खुर्ची खिडकीकडे वळवली आणि गोठ्याकडे पाठ करून डोळे मिटले. त्यांचे मत तसूभरही बदलले नव्हते. त्यांनी सुनेच्या सणाला जागा दिली, आपली जागा मात्र सोडली नाही. पत्नीला त्या पाठीचे वाईट वाटले होते, हे तिने मला पुष्कळ उशिरा सांगितले. पलंगामागच्या अंधाराचे अधिक वाटले होते, हेही त्याच वेळी.

पप्पा गेले त्या वर्षी टाळ माझ्याकडे आले. नाताळच्या आदल्या रात्री मुलगी गोठ्यापुढे बसून म्हणाली, “आजोबांचे गाणे म्हणा ना.” मी सुरुवात केली आणि दुसऱ्या कडव्यावर अडलो. शब्द पाठ होते, वर्षानुवर्षे शिकवलेले. चाल हरवली होती. ‘उपासनासंगीत’ उघडले. त्यात शब्द होते, पप्पांचा स्वर कोठे होता? तेव्हा ध्यानात आले, की इतक्या वर्षांत टिळकांवर मी व्याख्याने दिली, लेख लिहिले, पण घरात त्यांचे एक गीत म्हटले नाही. आमच्या घरी गाण्याला ठरावीक जागाच नव्हती. मंडळ दाराशी येई तेव्हा गाणे होई आणि शहराच्या आमच्या दाराशी कोणतेच मंडळ येत नव्हते. जागा मिळाली ती गोठ्यापुढे, नाचणीच्या ताटलीशेजारी.

नगरला आत्याला फोन लावला. ऐंशीच्या घरातली आत्या कापऱ्या आवाजात फोनवरच गायली. तिची चाल माझ्या आठवणीतल्या चालीहून थोडी निराळी निघाली. पप्पांची खरी की तिची, हे ठरवायला आता कोणी नाही. मुलगी आत्याचीच चाल शिकली. पत्नीने टाळ हाती घेतले. ठेका पहिल्यांदा चुकला, मग जमला.

यंदा मुलगी अकरा वर्षांची झाली. करंज्यांचे सारण तिच्या आजीच्या हातचे, नगरहून आलेले आहे. मैद्याचे फुगे वसईच्या आजी येऊन तळणार आहेत. नाचणी काल पेरली. गोठ्याजवळची एक खुर्ची मी खिडकीकडे तोंड करून ठेवतो. का, ते मुलीने अजून विचारलेले नाही.