स्वामीजींना विचारलं का?

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सकाळी निम्मं बेळगाव फिरायला येतं. हा डेपो कसला, असं परवा एका तरुणाला विचारलं. ‘बसचा असणार,’ म्हणाला.

इथं देवीची लस तयार व्हायची. वासराच्या पोटावरचे केस भादरायचे, कातडीला ओरखडे काढून त्यात बी पेरल्यासारखी लस चोळायची, पाचसहा दिवसांनी फोड भरले की खरवडून ग्लिसरीनमध्ये घोटायचे. आमच्या आजीच्या दंडावर त्याची नाण्याएवढी खूण होती. ‘लस टोचली’ असं ती कधी म्हणायची नाही, ‘देवी काढल्या’ म्हणायची. रोगही देवी आणि उपायही देवी. घरात कुणाला फोड आले की खणानारळानं ओटी भरायची आणि सरकारी माणूस दारात आला की पोरांचे दंड पुढं करायचे. यात काही विसंगत आहे असं तिला कधी वाटलं नाही.

•

त्याच टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे. डिसेंबर १९२४ चं अधिवेशन इथं भरलं. गांधीजी काँग्रेसच्या अध्यक्षपदी बसले ते एवढ्या एकाच अधिवेशनात, आणि खटाटोप सगळा इथले पुढारी गंगाधरराव देशपांडे यांचा.

लशीबद्दल गांधीजींचं मत जहाल होतं. १९१३ सालच्या आरोग्यावरच्या लेखमालेत त्यांनी ती घाणेरडी आणि धर्माविरुद्ध ठरवली होती. वासराच्या अंगातला पू टोचून घेणं त्यांना गोमांस खाण्याच्या पंक्तीतलं वाटे. पुढं १९३० मध्ये साबरमती आश्रमात देवीची साथ येऊन मुलं दगावली, तरी मत हललं नाही.

मला कुतूहल आहे ते त्यांच्या अनुयायांचं. त्यांच्या शब्दावर ही माणसं सूत कातत होती, मीठ उचलत होती, हिंडलग्याच्या तुरुंगात जात होती. राज्य हाती आलं तेव्हा मात्र त्यांनी लस बंद केली नाही. १९६२ मध्ये देवी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम काढली आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. महात्म्याचंही कुठं ऐकायचं आणि कुठं नाही, याची समज त्या पिढीला होती. आज वासरांच्या कातडीवर लस वाढवायचा प्रकल्प काढला, तर पहिली बैठक डॉक्टरांची होणार नाही, हे मी लिहून देतो.

•

उलटंही घडलेलं आहे. १८९७ च्या जानेवारीत शास्त्रज्ञ हाफकिननं मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोक बिथरलेले होते, सरकारचे अधिकारीही साशंक होते. अशा वेळी जेमतेम विशीच्या आगाखानांनी लोकांदेखत दंड पुढं केला, आपल्या खोजा समाजाला टोचून घ्यायला लावलं, प्रयोगशाळेला बंगला दिला. परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट पुढचं. धर्मगुरूनं विज्ञानाला वाट करून दिल्याचं आपल्याकडचं याहून ठळक उदाहरण मला आठवत नाही. अर्थात त्या लशीत दम होता म्हणून ते आज उदाहरण आहे. नसता, तर खोजा समाजाची शेकडो माणसं एका माणसाच्या भरवशावर फसली असती. धर्मगुरूच्या ‘हो’ची हीच अडचण आहे. ‘नाही’वर निदान वाद तरी होतो.

•

केएलई ही शिक्षणसंस्था म्हणजे काय, हे बेळगावात कुणाला सांगावं लागत नाही. पण तिच्या लांबलचक नावात ‘लिंगायत’ आहे, हे पुष्कळांना आठवत नाही. १९१६ मध्ये सात शिक्षकांनी सुरू केलेली संस्था, १९६३ मध्ये तिचं मेडिकल कॉलेज झालं.

या कॉलेजानं बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात एक चाचणी केली. १६२० बाळंतिणी, आणि डॉक्टर नाहीत, एएनएम सिस्टरच. मूल बाहेर आलं की बाईला तोंडानं मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या द्यायच्या. निम्म्या जणींना खऱ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. कुणाला काय दिलं हे सिस्टरलाही ठाऊक नाही. बाळंतिणीखाली प्लास्टिकचं कापड अंथरायचं, त्याला खाली नरसाळ्यासारखी पिशवी, पिशवीवर आकडे. रक्त किती गेलं ते अंदाजानं सांगायचं नाही, वाचायचं. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

पैसा अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा होता. गंमत अशी की हीच गोळी गर्भपातालाही वापरतात, आणि तिकडं गर्भपात हा चर्चच्या राजकारणाचा कणा. त्याच काळात, २००३ मध्ये, तिथल्या एका पाद्र्याच्या संघटनेनं एनआयएचच्या पैशावर लैंगिक वर्तन आणि एड्सचा अभ्यास करणाऱ्या दीडशेवर संशोधकांची यादीच बनवली. त्याच वर्षी अशा काही अभ्यासांचा पैसा तोडायचा ठराव तिथल्या संसदेत आला आणि २१२ विरुद्ध २१० असा दोन मतांनी पडला. इकडं खेड्यात सिस्टर पिशवीवरचा आकडा वाचत होती. वॉशिंग्टनमधली दोन मतं तिला कुठून ठाऊक असणार!

•

जुलै २०२०. कोरोनावरच्या कोव्हॅक्सिन लशीच्या पहिल्या चाचणीसाठी देशात निवडलेल्या बारा ठिकाणांत बेळगावचं जीवनरेखा हॉस्पिटल होतं. आयसीएमआरच्या पत्रात १५ ऑगस्टपर्यंत लस आणायची घाई होती. शास्त्रज्ञांनी ओरड केली तेव्हा तारीख मागं पडली. म्हणजे मुहूर्त फक्त भटजीच काढतात असं नाही.

फेब्रुवारी २०२१. दिल्लीत बाबा रामदेव यांच्या कोरोनिलच्या कार्यक्रमात केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन आणि नितीन गडकरी व्यासपीठावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेचा गाजावाजा झाला आणि आपण असल्या कुठल्याही औषधाला प्रमाणपत्र दिलेलं नाही, असं संघटनेला जाहीर सांगावं लागलं. हर्षवर्धन स्वतः डॉक्टर. संन्याशानं औषध विकावं की नाही हा मुद्दा माझ्या लेखी दुय्यम आहे. डॉक्टर असलेला मंत्री भगव्या वस्त्राशेजारी बसल्यावर कागद मागायचं विसरतो, हे मला जास्त टोचतं.

•

निपाणी. वखारीच्या दारातून जाताना नाकात झिणझिण्या येतात. आत बायका पदर नाकावर बांधून तंबाखू चाळतात आणि बाहेर येऊन खोकतात. याच तंबाखूविरुद्ध इलकलच्या मठाचे महांत स्वामीजी झोळी घेऊन दारोदार व्यसनांची भिक्षा मागत फिरायचे: विडी टाका, गुटखा टाका, दारू सोडा. त्यांचा जन्मदिवस, १ ऑगस्ट, कर्नाटक सरकार व्यसनमुक्ती दिन म्हणून पाळतं. दिवस पाळायला पैसे पडत नाहीत.

तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत धोक्याचं चित्र छापायची वेळ आली २०१५ मध्ये, तेव्हा संसदीय समितीचे अध्यक्ष, नगरचे खासदार दिलीप गांधी म्हणाले की तंबाखूनं कॅन्सर होतो हे सांगणारे अभ्यास परदेशी आहेत, भारतीय अभ्यास कुठाय? टाटा हॉस्पिटल मुंबईतच उभं असताना! निर्णय वर्षभर लांबला. इथं कुठल्या मठाचं नाव घ्यावं लागलं नाही. जिथं पैसाच बोलतो, तिथं देवाला कशाला त्रास द्यायचा.

•

बैलहोंगलच्या एका वैद्यांनी देहदान केलं होतं. २०१० मध्ये बेळगावच्या आयुर्वेद कॉलेजात त्यांच्या मुलानंच विद्यार्थ्यांसमोर वडिलांच्या देहाचं विच्छेदन केलं. मुलगा तिथंच शरीररचना शिकवत होता. लिंगायतांत बसवून पुरायची रीत, तरी हे झालं.

हे वाचल्यावर मीही फॉर्म आणला. दोन साक्षीदार लागतात. एक मित्र मिळाला. काकू म्हणाली, मी सही करणार नाही, भटजी काय म्हणतील? मी म्हटलं, विचारलंस का? म्हणाली, विचारायचं काय त्यात, ते नकोच म्हणणार.

गेल्या महिन्यात श्राद्धाला भटजी आले, तेव्हा मीच विषय काढला. ते पळी ताम्हणात ठेवून म्हणाले, ‘देह हाती लागला नाही तर दर्भाचा पुतळा करून संस्कार करतात. शास्त्रात सोय आहे. पुरात माणसं वाहून जातात, त्यांचं काय करत असतील?’

काकू स्वयंपाकघरातून ऐकत होती. फॉर्म अजून ड्रॉवरमध्येच आहे. आता ती म्हणते, दर्भाचा पुतळा म्हणजे खर्च किती येईल ते आधी विचार.