मुकी वाहने, बोलकी मंडळी

सीताबर्डी हे नाव कागदोपत्री. नागपूरकराच्या तोंडी ती नुसती 'बर्डी'. येथील टेकडीवर १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि कंपनी सरकारची फौज यांची लढाई झाली, आणि तोफांचा गडगडाट ओसरला तेव्हा नागपूरच्या राज्याचे भवितव्यही ठरून गेले होते. किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे. त्याच्या पायथ्याशी मात्र रोज सायंकाळी दुसरीच रणधुमाळी चालते. फेरीवाल्यांच्या आरोळ्या, ऑटोचे भोंगे, भाव पाडून मागणाऱ्या भगिनींचे चढे स्वर, आणि या सर्वांच्या डोक्यावरून घरंगळत जाणारी मेट्रो. धर्मग्रामाच्या कामानिमित्त आम्हांस या रस्त्याने वारंवार जावे लागते. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. या कोलाहलात काही वाहने अशी मिसळली आहेत, की ती अगदी अंगाला घासून गेली तरी त्यांची चाहूल लागत नाही. विजेवर चालणाऱ्या या दुचाक्यांना लोक सरळ 'बॅटरीवाली गाडी' म्हणतात.

या मुक्या वाहनांविषयी बोलत राहणारा एक कार्यक्रम आमच्या धर्मग्रामातील दोन तरुण आणि एक तरुणी मिळून चालवितात. तिघांपैकी एकाचे बर्डीच्या मागल्या गल्लीत दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे, दुसरा महाविद्यालयात शिकतो, आणि ती मुलगी एका खाजगी कचेरीत हिशेब लिहिते. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण होते आमच्या निवासाच्या मागील कोठीत, जुन्या गोधड्या भिंतींना टांगून. कारण बर्डीचा गोंगाट कुठल्याही फटीतून आत शिरतो. कोठीची किल्ली आमच्याकडे असल्यामुळे या उद्योगाचे आम्ही पहिल्यापासूनचे साक्षीदार आहोत.

या प्रकाराला पॉडकास्ट म्हणतात. ज्येष्ठ वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आकाशवाणीचा कार्यक्रम ठरल्या वेळी हवेतून येतो. तो हुकला की हुकला. पॉडकास्टचे तसे नाही. बोलणे मुद्रित करून एका ठिकाणी ठेवायचे, त्याची एक यादी करायची, आणि ज्याने नाव नोंदविले असेल त्याच्या यंत्राने ती यादी पाहून नवा भाग आपण होऊन उतरवून घ्यायचा. ऐकणारा मग स्वयंपाक करताना ऐको वा रात्रपाळीहून परतताना. 'आयपॉड' नावाच्या खिशातल्या पेटीवरून २००४ साली बेन हॅमर्सली या ब्रिटिश पत्रकाराने हे नाव सुचविले. ती पेटी २०२२ मध्ये बंद झाली. नाव तेवढे मागे राहिले. आणखी एक शब्द या क्षेत्रात रूढ आहे: जो कुणी असे काही तयार करतो त्याला 'क्रिएटर' म्हणायचे. प्रार्थनेत ज्याला आम्ही निर्माणकर्ता म्हणतो त्याच्याखेरीज हा शब्द कुणाला लावण्याची आमच्या जिभेला सवय नाही. परंतु भाषेचा प्रवाह धर्मगुरूला विचारून वाहत नसतो, हे आम्ही जाणतो.

या क्रिएटर मंडळींपुढे नेहमी एक हिशेब ठेवला जातो. केव्हिन केली या अमेरिकन लेखकाने २००८ साली असे मांडले, की कलावंताला लाखो चाहते लागत नाहीत. वर्षाकाठी शंभर डॉलर आनंदाने देतील असे हजार सच्चे चाहते मिळाले तरी त्याचा चरितार्थ चालेल. हिशेब चोख आहे. पण त्यात हजार जणांची तोंडे बोलणाऱ्याकडे आहेत. ते एकमेकांकडे पाहतात की नाही, याचा उल्लेख नाही. तेवढ्याने मंडळी होत नाही, असे आमचे मत आहे. ज्या दिवशी ऐकणारा प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर दुसरा ऐकणारा देतो, त्या दिवशी मंडळीचा पाया पडतो.

आमच्या महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. नागपूरला आकाशवाणी आली १६ जुलै १९४८ रोजी. त्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग झाला. कॅनडातील शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून त्याची कल्पना घेतली होती. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. गावातील पंधरा-वीस माणसे रेडिओभोवती बसत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून त्यावर बोलत, आणि आपल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवीत. पुढील कार्यक्रमात त्या शंकांची उत्तरे येत. पॉल न्यूराथ यांनी त्या प्रयोगाचे परीक्षण केले. ज्या गावांत नुसता रेडिओ होता त्यांच्यापेक्षा मंडळे असलेल्या गावांतील माणसांच्या ज्ञानात अधिक भर पडली, असे त्यांना आढळले. शिकविणारा रेडिओ दोहोंकडे एकच. फरक होता तो रेडिओ बंद झाल्यानंतरच्या अर्ध्या तासाचा.

याहूनही मागे जायचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' आहे. १६१६ साली राशोल येथे छापलेला हा ग्रंथ देवळांत मोठ्याने वाचला जाई आणि लोक तो ऐकत. त्यातही श्रोता मधूनच उठून शंका विचारतो व पाद्री तिचे समाधान करतो. केवळ उपदेश लिहून मोकळे होणे फादर स्टीफन्सना अवघड नव्हते. त्यांनी श्रोत्याला ग्रंथात जागा दिली.

आता आमच्या तिघांकडे येऊ. आरंभी त्यांचा कार्यक्रम एकतर्फीच होता. कोणत्या गाडीची बॅटरी किती किलोमीटर चालते, कोणती परवडते, वगैरे. पुढे कायद्याची माहिती दिली, ती मात्र उपयोगी होती. मोटर अडीचशे वॅटपेक्षा कमी शक्तीची, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन साठ किलोपर्यंत असेल, तरच मान्यताप्राप्त गाडीला नोंदणी आणि परवाना लागत नाही. अशी गाडी दाखवून प्रत्यक्षात वेग वाढविलेली गाडी गळ्यात मारण्याचे प्रकार इतके झाले, की २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याला त्याविरुद्ध मोहीम काढावी लागली. या भागानंतर ऐकणारे वाढले. आणि ऐकणारे वाढताच शहरातील एक विक्रेता दारात आला.

"फादर, तो दर महिन्याले पाच हजार देऊन राहिला," दुकानवाला आम्हांस म्हणाला. त्याच्या दुकानाचे भाडे थकले होते, हे आम्हांस ठाऊक होते. अट एवढीच, की बॅटरीच्या धोक्याविषयी कार्यक्रमात काही येऊ नये, गिऱ्हाईक बिचकते. नेमका त्याच आठवड्यात एका डबेवाल्या ताईंचा निरोप आला. त्या भर उन्हात गाडीवरून जेवणाचे डबे पोहोचवितात. घरी आल्याआल्या गाडी चार्जिंगला लावली की बॅटरी तव्यासारखी तापते, घर एकाच खोलीचे, लेकरे शेजारीच निजतात, तर काय करावे, असे त्यांनी विचारले होते.

तिघांनी आमचे मत विचारले. आम्ही म्हणालो, "बाळांनो, पैसे घेणे हे पाप नव्हे, वर्तमानपत्रेही जाहिरातीवर चालतात. पण घेतले तर घेतले म्हणून सांगा." कायदाही तेच सांगतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ च्या जानेवारीत तशी मार्गदर्शक सूचना काढली असून, फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ताईंचा प्रश्न वगळावा की नाही, हे मात्र आम्ही सांगितले नाही. ती मुलगी म्हणाली, "तिचं उत्तर नाही दिलं, तर आपण बोलून कोणासाठी राहिलो?" प्रश्न प्रसारित झाला. उत्तरही सविस्तर दिले गेले. नागपूरच्या उन्हाळ्यात गाडी आणल्याबरोबर चार्जिंगला लावू नये, आधी सावलीत निवू द्यावी. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरावा. बॅटरी अंथरुणाजवळ किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवून चार्ज करू नये. ती फुगली किंवा तिला वास येऊ लागला तर वापर ताबडतोब थांबवावा. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी अशा गाड्या पेटल्या. त्यानंतरच बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, हेही त्यांनी सांगितले. विक्रेता पुन्हा आला नाही. दुकानाचे भाडे आणखी दोन महिने थकले, आणि त्याच्या आईने आम्हांस देवळाच्या पायरीवर गाठून चार शब्द सुनावले. त्या माऊलीला काय उत्तर द्यावे, ते आम्हांस सुचले नाही.

त्या भागानंतर एक अनपेक्षित गोष्ट घडली. ऐकणाऱ्यांपैकी दोन अनोळखी कारागिरांनी कळविले, की डबेवाल्या ताईंची गाडी आम्ही फुकट तपासून देतो. एका रविवारी मिस्सानंतर देवळाच्या आवारात ताई आल्या, आणि त्यांच्या मागोमाग आणखी दहा गाड्या. दोन बॅटऱ्या फुगलेल्या निघाल्या. माणसे हिंदू, बौद्ध, मुसलमान, आपली, सगळी. चहा आमच्याकडे होता, साखर संपली.

आणि मग तो निरोप आला, ज्याने तिघांची झोप उडविली. पाठविणारे साठीचे अंध गृहस्थ होते. पूर्वी ते टेलिफोनचे बूथ चालवीत. आता दिवसाचा पुष्कळ वेळ ऐकण्यात घालवितात. त्यांचे शब्द असे होते: "पोट्टेहो, तुमचा कार्यक्रम मी सोडत नाही. बॅटरी समजली, चार्जर समजला. आता मले एक सांगा. तुमची गाडी मले दिसत तर नाहीच, पण ऐकूही येत नाही. बर्डीवर मी रस्ता कसा ओलांडू?"

उत्तर कुणाकडेच नव्हते. जाणकार मिळेपर्यंत थांबावे, असे विद्यार्थ्याचे म्हणणे पडले. शेवटी त्यांनी प्रश्न जसाच्या तसा, उत्तराविना, ऐकविला. पुढील आठवडाभर निरोप येत राहिले. युरोपात नव्या विद्युत मोटारींना हळू वेगात कृत्रिम आवाज करण्याची सक्ती आहे, असे एका अभियंता श्रोत्याने कळविले. ताशी २० किलोमीटरच्या वर चाकांचाच आवाज पुरेसा होतो, असे तेथे धरले जाते. पण ती सक्ती मोटारींना. आणि बर्डीच्या गर्दीत कोणती दुचाकी वीसच्या वर जाते? एका कारागिराने साधी गोष्ट सुचविली: पोळ्याच्या बैलाचे घुंगरू बांधून पाहा.

एका सायंकाळी बाजारालगतच्या गल्लीत सगळे जमले. अंध गृहस्थ भिंतीशी काठी टेकवून उभे राहिले. पाच श्रोत्यांनी आपापल्या गाड्या एकेक करून त्यांच्यासमोरून हळू नेल्या. ऐकू आली की त्यांनी हात वर करायचा, आणि मुलीने पावलांनी अंतर मोजायचे. पेट्रोलची स्कूटर वीस पावलांवरून कळली. बॅटरीची गाडी दोन पावलांवर. एक तर पुढून निघून गेली तरी हात वर झाला नाही. ते पाहून चालविणाऱ्या तरुणाचा चेहरा उतरला. घुंगरू बांधलेली गाडी नऊ पावलांवर कळली. गृहस्थ हसून म्हणाले, "हा बैल बरा आहे."

घुंगरू बांधायला पाचांपैकी दोघेच तयार झाले. उरलेल्यांना लाज वाटते. मित्र 'पोळा आला' म्हणून ओरडतात. दुकानवाल्याने आपल्या गाडीला बांधले आहे, आणि दुकानात एक परडी भरून ठेवली आहे. मागेल त्याला फुकट. परडी अजून फारशी रिकामी झालेली नाही. पुढील भागात प्रश्न विचारणार आहेत ते अंध गृहस्थ, आणि उत्तरे देणार आहेत ते तीन लाजलेले तरुण. ध्वनिमुद्रण शनिवारी रात्री आठ वाजता आहे. कोठीतला पंखा आवाज करतो म्हणून तो बंद ठेवावा लागेल. आम्ही माठ भरून ठेवण्यास सांगितले आहे.