गाळावरचा डाव

2024 साली उजनीचं पाणी जानेवारीतच उणे साठ्यात गेलं. धरणाची एकूण क्षमता 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीहून जास्त साठा मृत. इंदापूर तालुक्यातल्या माणसाला हे आकडे पाठ असतात, कारण ऊस जगणार की जळणार ते त्यांवर ठरतं. पळसदेवच्या माणसाला त्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. पाणी बरंच खाली गेलं की आमचं जुनं गाव वर येतं.

त्या एप्रिलमध्ये मी बारामतीहून माहेरी गेले होते. नवं पळसदेव पुणे-सोलापूर रस्त्याला लागून आहे, जुनं भीमेच्या काठी होतं. धरण 1980 साली पूर्ण झालं, पण घरं त्याआधीच उठायला लागली होती. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, त्यामुळे त्याला गाव घरनिहाय आठवतं आणि मला जागानिहाय.

आम्ही सगळे संध्याकाळी देवळाकडे निघालो. दादा, वहिनी, भाचा आणि त्याची दोन मुलं. पळसनाथाचं देऊळ इतकी वर्षं पाण्यात राहूनही उभं आहे, वरचं विटांचं शिखर आणि खालचा दगडी सभामंडप दोन्ही. बघायला पुण्यापर्यंतच्या गाड्या आल्या होत्या. लोक खांबांवरची नक्षी पाहत होते, फोटो काढत होते. दादा मात्र मुलांना घेऊन देवळाच्या पुढे गेला आणि जमिनीतून डोकावणारी जोती दाखवू लागला. इथं पार होता, इथं सुताराचं घर, इथून नदीकडे उतार. मुलं ऐकत होती, पण त्यांना घर दिसत नव्हतं, दगडांची ओळ दिसत होती. त्यात त्यांचा काय दोष?

मग आम्ही गायरानाच्या जागेवर पोचलो. गाळ वाळून तडकला होता, शिंपल्यांचा चुरा सगळीकडे पसरला होता. पाणी हटलं की कडेकडेला लोक गाळपेर करतात, पण हा तुकडा अजून कुणी धरला नव्हता. नजर जाईल तिथवर सपाट. दादा थांबला, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, "बाई, इथंच गल होती आपली."

विटीदांडूत जमिनीत जी बोटभर खोल, लांबट खाच करतात तिला आम्ही गल म्हणायचो. दादानं सोबतच्या पिशवीतून दांडू आणि विटी काढली तेव्हा मला कळलं की तो घरूनच ठरवून आला होता. बाभळीचा दांडू, दोन्ही टोकांना तासलेली विटी. गावातल्या सुताराकडून आदल्या दिवशी करून घेतलेली. वहिनी म्हणाली, "चार दिवस झाले, तुमची वाट बघत होते. ताई आल्याशिवाय गल करायची नाही म्हणत होते."

नव्या गावात आल्यावर मी विटी हातात धरली नव्हती. तिथं घरं दाटीनं बसली, मोकळी जागा राहिली नाही, आणि त्याच सुमाराला मी मोठी झाले. मुलींनी अंगणाच्या बाहेर खेळायचं वय संपलं असं घरात कुणी तोंडानं म्हटलं नाही, पण दांडू कुठं गेला ते मी विचारलंही नाही. पुढे मी शिक्षिका झाले, बारामतीत स्थायिक झाले. शाळेच्या मैदानावर मुलांचं क्रिकेट आणि मुलींचा खो-खो रोज पाहत आले. विटीदांडू कुठंच दिसला नाही.

दादानं खाच उकरली. भाचा आणि धाकटा मुलगा एका बाजूला, मी आणि भाच्याची सहावीतली मुलगी दुसऱ्या बाजूला. दादा मोजणीला. डाव आमचा आला.

आधी विटी कोलायची. खाचेवर ती आडवी ठेवायची आणि दांडू खाली घालून पुढं उचलून फेकायची. विटी झेलली गेली तर बाद. ते मला पहिल्याच वेळी जमलं, विटी भाच्याच्या डोक्यावरून गेली. मग टोला. विटीच्या टोकावर दांडूनं हलकं टिपायचं, ती गिरक्या घेत वर येते आणि तेवढ्या वेळात तिला मारायचं. या क्षणी विचाराला जागा नसते. टिपण जोरात बसलं तर विटी तोंडाकडे येते, हळू बसलं तर गुडघ्याच्या वर येत नाही. माझे पहिले टोले हवेतच फिरले. खांदा कुरकुरला. मग कधीतरी, मी मोजणं आणि मनगट बघणं सोडून दिल्यावर, दांडू विटीच्या मधोमध लागला. लाकडावर लाकूड लागल्याचा तो कोरडा, भरीव आवाज मला ओळखू आला. विटी सरळ देवळाच्या दिशेनं गेली आणि लांब गाळात पडली. भाच्याची मुलगी ओरडत तिच्यामागं धावली. मी खूप मोठ्यानं हसले असणार, कारण फोटो काढणारे दोघे वळून बघायला लागले.

दादा दांडू जमिनीवर टाकत टाकत अंतर मोजत आला. वकट, लेंड, मुंड, नाल... सात शब्दांचं आवर्तन संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मोजणी ज्या शब्दावर थांबेल त्यावर पुढचा टोला कसा मारायचा ते ठरतं. पायावर विटी ठेवून, मुठीवर ठेवून, डोळ्यावर ठेवून. मुलांना हा भाग सगळ्यात आवडला. त्यांच्या सगळ्या खेळांत धावा किंवा गुण वाढत जातात. इथं अंतर मोजून हाती येते ती पुढची अवघड गोष्ट.

त्याआधी एकदा मी पुतण्याकडे एडिंबरोला गेले होते. त्याच्या घराजवळ ब्रन्ट्सफील्ड लिंक्स नावाचं मोठं हिरवं मैदान आहे, शहराच्या मध्यावर, कुंपण नसलेलं. तिथं लोक संध्याकाळी हातात एक-दोन काठ्या घेऊन येतात आणि गोल्फ खेळतात, पैसे न भरता. शेजारून कुणी कुत्रं फिरवतंय, कुणी बाळाची गाडी ढकलतंय. पुतण्यानं सांगितलं की स्कॉटलंडच्या राजानं 1457 साली या खेळावर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हेच करत बसायचे. आपल्याकडे गोल्फ म्हणजे येरवड्याचा क्लब, सभासदत्व, पांढरी गाडी. तिथं मला कळलं की हा खेळ मुळात समुद्र आणि शेत यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर वाढला. नांगर चालत नाही, कुणाच्या नावावर ठेवून उपयोग नाही, म्हणून गावातल्या सगळ्यांची अशी ती जमीन होती. आमच्या गायरानासारखी.

त्या संध्याकाळी गाळावर उभी असताना मला ती हिरवळ आठवली. विटीदांडू का गेला, याचं उत्तर मुलांच्या मोबाईलमध्ये शोधतात तेव्हा मला राग येतो. मोबाईल फार नंतर आला. खेळ आधीच गेला होता, कारण जमीन गेली होती. नीरा डावा कालवा 1880च्या दशकात आला आणि बारामतीपासून इंदापूरपर्यंत माळाचं शेत होत गेलं. पुढे साखर कारखाने उभे राहिले, भवानीनगरला, माळेगावला, सोमेश्वरनगरला. मग उजनीचं पाणी उपसून आणखी ऊस झाला. औद्योगिक वसाहत, महाविद्यालयं, प्लॉट. या पाण्यानं आमची घरं उभी केली, माझं शिक्षण झालं, हे मी विसरत नाही. पण उसाच्या फडात टोला मारता येत नाही. पन्नास-साठ पावलं मोकळी, कुणी हाकलणार नाही अशी जागा या पट्ट्यात आता सहज सापडत नाही. कडबनवाडीच्या माळावर चिंकारे राहिले कारण तिथं गवत राहिलं. खेळाचंही तसंच आहे.

खो-खोला नियम मिळाले, संघटना मिळाली, 2025 साली दिल्लीत विश्वचषक झाला आणि भारताच्या मुली आणि मुलं दोघंही जिंकले. त्याचा मला मनापासून आनंद झाला. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर 2020 साली रणजीचा सामना झाला तेव्हा मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. मैदान आखलं की खेळ टिकतो. विटीदांडूला मैदान कुणी आखून दिलं नाही, त्याला ते लागतही नव्हतं, आणि म्हणूनच गायरान गेल्यावर त्याला जायला जागा उरली नाही.

अंधार पडेपर्यंत आम्ही खेळलो. शेवटी विटी एका भेगेत गेली आणि सापडेना. दादानं खिशातून दुसरी काढली. मोजणीवरून तो आणि भाचा भांडले, खरोखर, आवाज चढवून, आणि मला ते भांडण शब्दान् शब्द ओळखीचं होतं. निघताना वहिनीनं भिगवणहून आणलेली चिलापी कालवणाला काढायची म्हणून घाई केली, नाहीतर दादा चंद्राच्या उजेडात खेळला असता.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी त्याच सुताराकडून दोन जोड करून घेतले. आमच्या क्रीडाशिक्षकांची काळजी डोळ्यांची होती आणि ती रास्त आहे, विटीनं डोळा गेल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. म्हणून मैदानाचा भिंतीकडचा कोपरा घेतला, टोला मारणाऱ्याच्या समोर आणि बाजूला दहा हातांत कुणी उभं राहायचं नाही असं ठरवलं, विटीची टोकं कमी अणकुचीदार केली. शनिवारी शेवटच्या तासाला खेळतो. मुलींचा डाव आधी असतो, हा नियम माझा.

गेल्या शनिवारी सातवीतल्या एकीनं विटी एका हातानं झेलली आणि समोरचे मुलगे म्हणाले, दोन्ही हातांनी झेलली तरच बाद. ती माझ्याकडे आली. मी तिला पळसदेवचा नियम सांगितला. एका हातानं झेलली तरी बाद, आणि ज्यानं झेलली त्याचा डाव.